चौथीचा विज्ञानाचा पाठ तीन 'शैलीं'त कसा बसवू?

डीएलएडची_पोर: इंटर्नशिपला झेडपीची शाळा मिळालीय, चौथीत २३ मुलं. पाठ पाण्याच्या अवस्थांचा. मॅडमना टाचणात दृश्य, श्राव्य आणि कृतीतून शिकणारे असे वेगळे गट हवेत. कोण कुठल्या गटातलं, हे ओळखायचं कसं?

जुना_खडू: ओळखूच नका. २००८ साली मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं. मुलाची शिकण्याची शैली बघून शिकवलं की जास्त समजतं, याला पुरेसा पुरावा सापडला नाही. स्टीलच्या पेल्यात पाणी नि बर्फ घ्या. बाहेर थेंब जमले की विचारा, "पेला गळतोय का?" माझ्या वर्गात निम्मे हात वर गेले होते! मग पाण्यात हळद कालवा. थेंब पिवळे नसतात. पुढे भांडू द्या त्यांना.

रानजाई: आमच्या वस्तीवर बर्फ कुठला? मी रसवंतीवाल्याकडून थर्मासमध्ये नेते.

डीएलएडची_पोर: पण मॅडमचं काय?

जुना_खडू: बघणं, बोलणं, हात लावणं, तिन्ही यात आहेच की. टाचणातले रकाने भरा, गट पाडू नका.

डीएलएडची_पोर: थर्मास मिळाला. सोमवारी करते. हळद जरा जास्तच नेते, सांडणार नक्की.