प्रतिसाद : भांडण करांचं होतं, पण राजाशी नव्हतं

अमेरिकेचं स्वातंत्र्य म्हणजे निव्वळ करांचं भांडण, विचारबिचार नंतर चिकटवले, असं वर म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही.

करांवरून भांडण होतंच, पण ते ब्रिटिश पार्लमेंटशी. लेक्सिंग्टनला ब्रिटिश सैन्याशी पहिल्या गोळ्या झडल्यानंतरही, जुलै १७७५ मध्ये, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, इंग्लंडचा राजा तिसऱ्या जॉर्जकडे समेटाचा अर्ज पाठवला होता. राजावरची ही श्रद्धा मोडली ती टॉमस पेन या लेखकाने. इंग्लंडहून येऊन त्याला वर्षच उलटलं होतं. जानेवारी १७७६ मध्ये फिलाडेल्फियात त्याचं 'कॉमन सेन्स' हे छोटं पुस्तक निघालं, तेही निनावी. त्यात तो विद्वानांचे दाखले देत बसत नाही, सरळ बायबल उघडतो. इस्रायली लोक राजा मागतात आणि शमुवेल हा संदेष्टा बजावतो की हा तुमची मुलं नेईल, शेतं नेईल. घरोघरी माहीत असलेली ही गोष्ट. तिच्या आधारे त्याने वंशपरंपरेच्या राजेपणाचा पायाच उखडला.

आता जुलै १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचा. सुरुवातीला इंग्लिश तत्त्वज्ञ लॉकचे नैसर्गिक हक्क (माणसाला जन्मतःच असलेले हक्क) आहेत, पण पुढची आरोपांची यादी बघा : 'त्याने हे केलं, त्याने ते केलं'. तो 'त्याने' म्हणजे राजा! वर्षभरापूर्वी ज्याला अर्ज केला, तोच आता आरोपी.

जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या जेफरसनचा गुलामांच्या व्यापारावर टीका करणारा परिच्छेद मात्र काँग्रेसने गाळला. हा डाग मोठाच. पण हे विचार पुढेही पोचले : पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलेल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली, ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना.