मॅग्नेट हे नाव खरंच मेंढपाळावरून पडलं का?

सातवीची_आई: मुलीच्या गाइडमध्ये दिलंय की मॅग्नेस नावाच्या मेंढपाळाच्या बुटांचे खिळे आणि काठीचं लोखंडी टोक एका खडकाला चिकटलं, त्याच्यावरून मॅग्नेट आणि पुढे मॅग्नेटिझम. मला ही शुद्ध थाप वाटतेय. आणि मग आपलं चुंबक कुठून आलं? उद्या तिला वर्गात बोलायचंय, कोणीतरी पटकन सांगा प्लीज.

पोथीवाला: थाप असेल पण आजची नाही हो, पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीने लिहून ठेवलीय, तीही निकँडर नावाच्या ग्रीक कवीचा हवाला देऊन. गोची अशी की निकँडर इ.स.पू. दुसऱ्या शतकातला, आणि त्याच्या कितीतरी आधी प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस म्हणतो की नाटककार युरिपिडीस या दगडाला मॅग्नेटिस म्हणतो आणि बाकी लोक हेराक्लीसचा दगड म्हणतात. म्हणजे नाव आधीच होतं, मेंढपाळ नंतर आला. शिवाय ग्रीकमध्ये मॅग्नेस म्हणजेच मॅग्नेशियाचा माणूस, आपल्याकडे सातारकर म्हणतात ना तसं! गावावरून दगडाचं नाव पडलं आणि मग कोणीतरी त्या नावाचा मेंढपाळ उभा केला, असं माझं मत.

बंड्या_७७: हे मॅग्नेशिया आहे कुठे पण?

पोथीवाला: तिथेच तर घोळ आहे. ग्रीसमध्ये थेसली भागात एक मॅग्नेशिया आहे, आणि आज तुर्कस्तानात मनिसा म्हणून शहर आहे ते पण जुनं मॅग्नेशियाच. ल्युक्रेशियस नावाचा रोमन कवी एवढंच म्हणतो की मॅग्नेट लोकांच्या प्रदेशावरून नाव पडलं. पोरीला म्हणावं 'मॅग्नेशिया या ठिकाणावरून' एवढंच सांग.

रसशाळा: चुंबकाचं मी सांगते. संस्कृत 'चुंब्' धातू, चुंबन घेणं, म्हणजे लोखंडाचा मुका घेणारा तो चुंबक (वर्गात हे सांगितलं की पोरं खिदळणार, तयारी ठेवा). त्याहून मला अयस्कान्त आवडतो, अयस् म्हणजे लोखंड आणि कान्त म्हणजे प्रियकर. कालिदासाने कुमारसंभवात वापरलाय, ब्रह्मदेव देवांना सांगतो की लोहचुंबक लोखंडाला ओढतो तसं उमेच्या रूपाने शंकराचं मन ओढून घ्या. आणि जुन्या रसशास्त्रात, म्हणजे धातूंपासून औषधं करायच्या शास्त्रात, कांतलोहाचे (लोहचुंबकाचे) प्रकारच आहेत, भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक वगैरे, म्हणजे तिथे चुंबक हा नुसता एक प्रकार, आपण तोच शब्द सगळ्यांना लावून टाकला.

बंड्या_७७: मग मॅग्नेशियमला चुंबक का चिकटत नाही?

पोथीवाला: कारण दोघांचं फक्त नाव एका ठिकाणचं, गुणाचा काही संबंध नाही. मँगनीजचं नावपण तिकडूनच आलंय आणि त्यालाही साधा चुंबक चिकटत नाही.

सातवीची_आई: मेंढपाळ कट करतेय. मुक्याचं तिच्या बाईंना आधी विचारते 😄