गहू वगळूनही खंड्याचे पंजे पुन्हा का खाजू लागले? घरगुती बिस्किटांविषयी प्रश्न

खंड्याची आई, गंगापूर रोड

नमस्कार. आमचा खंड्या चार वर्षांचा, नसबंदी झालेला, २८ किलो वजनाचा लॅब्रॅडॉर आहे. गेल्या वर्षी त्याचे कान वारंवार पिकत होते, पुढच्या पंजांच्या बोटांमधली कातडी चाटून चाटून लाल होत असे आणि आठवड्यातून दोन-तीनदा शी पातळ होत असे. डॉक्टरांनी आधी पिसवा, गोचिडे आणि बुरशी यांची शक्यता तपासून बाजूला ठेवली आणि मग आठ आठवडे केवळ हायड्रोलाइज्ड प्रथिनांचे (म्हणजे ॲलर्जी सहसा चाळवू नये इतके बारीक तुकडे केलेल्या प्रथिनांचे) पशुवैद्यकीय खाद्य देण्यास सांगितले. सहाव्या आठवड्यात पंजे कोरडे पडले. त्यानंतर एकेक पदार्थ पुन्हा देऊन पाहिला, तेव्हा कोंबडीने पाचव्या दिवशी आणि गव्हाच्या पोळीने आठव्या दिवशी खाज परत आणली. भात, रताळे, रोहू मासा आणि सासूबाईंनी नाचणी मोड आणून, वाळवून, मिक्सरमध्ये दळून केलेल्या सत्त्वाची पेज मात्र त्याला व्यवस्थित चालली.

एवढी स्पष्ट माहिती हाती आल्यावर मी उत्साहाने ओटीजी बाहेर काढला. दोन वाट्या नाचणीचे पीठ (कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळून आणलेले), एक वाटी उकडलेले रताळे, एक चमचा साजूक तूप आणि चिमूटभर बेकिंग पावडर, एवढ्याच जिन्नसांची बिस्किटे केली. खंड्याला ती फार आवडली. मात्र बाराव्या दिवशी तो पुन्हा पंजे चाटू लागला आणि डाव्या कानाला तोच ओळखीचा आंबूस वास येऊ लागला. गहू नाही, कोंबडी नाही, अंडे नाही. मग चुकले कुठे? त्याला नाचणीच सोसत नाही असे मानावे काय?

भट्टीवाली, इंदिरानगर

नाचणीला दोष देण्याआधी आपले पोळपाट-लाटणे पाहावे, अशी विनंती आहे. मी गेली सहा वर्षे घरून कुत्र्यांसाठी बिस्किटे करून देते आणि पहिल्या वर्षी हीच चूक माझ्याकडूनही झाली होती. लाकडी लाटण्याच्या रेषांमध्ये पोळ्यांची कणीक बसलेली असते. ती धुतल्याने पूर्णपणे निघत नाही, आणि रताळ्याचा ओलसर गोळा त्यावर फिरला की ती भिजून त्यालाच चिकटते. ओटीजीच्या ट्रेमध्ये याआधी नानकटाई भाजली असेल, तर तोही खरवडून घासावा किंवा त्यावर बेकिंगचा कागद अंथरावा. या बिस्किटांसाठी मी लाटणे वापरतच नाही. दुधाच्या पिशवीसारखा जाड प्लास्टिकचा कागद घेऊन त्यावर गोळा हातानेच थापते.

आता गहू नसल्यामुळे येणाऱ्या अडचणीविषयी. नाचणीत ग्लुटेन (गव्हातले चिकट प्रथिन) नसल्याने बिस्किटे भुसभुशीत होऊन हातात मोडतात आणि मग लोक बांधणीसाठी अंडे किंवा मैदा घालण्याच्या मोहात पडतात. त्याची गरज नाही. तांदळाच्या भाकरीसाठी काढतो तशी उकड काढावी: १५० ग्रॅम पिठाला साधारण अर्धी वाटी उकळते पाणी हळूहळू घालावे, झाकून दहा मिनिटे ठेवावे आणि मग त्यात १५० ग्रॅम उकडून कुस्करलेले रताळे मळावे. तरीही कडा चिरत असतील, तर एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवून घालावी. मात्र जवस खंड्याला नवे असेल, तर ते पहिल्याच घाण्यात घालू नये. पीठ ताजे असावे. जुन्या पिठाची विरी गेलेली असते, हे भाकरी थापणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. तुपाऐवजी एक चमचा शेंगदाण्याचे तेल पुरते, पण शेंगदाणा कधी दिला नसेल तर तेही वगळावे. तेलाविनाही बिस्किटे होतात, फक्त थोडी कडक होतात, आणि लॅब्रॅडॉरने त्याबद्दल तक्रार केल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

अर्धा सेंटिमीटर जाडीचे चाळीस तुकडे पाडून १६० अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटे भाजावेत आणि मग ओव्हन बंद करून तासभर आतच राहू द्यावेत. खरे काम या शेवटच्या तासात होते. वरून खुटखुटीत वाटणारे बिस्कीट मोडल्यावर मधे काळपट, ओलसर दिसले, तर आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याला चौथ्या दिवशी बुरशी येते, आणि बुरशीचे विष कुत्र्याला बाधते. आठवड्यापुरती बिस्किटे फ्रिजमध्ये ठेवावीत आणि उरलेली फ्रीझरमध्ये टाकावीत.

बागाईतदार, दिंडोरी

ताई, बेकिंग पावडर कशाला हवी? आमच्याकडे थोडा गूळ आणि घरचे बेदाणे घालून नाचणीचे लाडू करतात. त्यांना गोडी येते आणि बांधणीचा प्रश्नही राहत नाही. कोणतेही रसायन न लावलेले बेदाणे मिळाले तर उत्तमच. आमच्या बागेतला राखणीचा कुत्रा छाटणीनंतर पडलेले मणी खातो, त्याला आजवर काही झालेले नाही.

पशुवैद्यक, नाशिक रोड

मूळ प्रश्नाकडे वळण्याआधी वरील सूचनेबद्दल लिहिणे आवश्यक आहे: बेदाणे, मनुका आणि द्राक्षे कुत्र्याला अजिबात देऊ नयेत. आपला जिल्हा द्राक्षांचा असल्यामुळे हंगामात हा प्रसंग माझ्यासमोर वारंवार येतो, आणि "आमच्या कुत्र्याला काही झाले नाही" हे वाक्य त्या प्रत्येक वेळी ऐकू येते. काही कुत्र्यांना खरोखरच काही होत नाही, तर काहींची मूत्रपिंडे थोड्याशा मण्यांनी एक ते तीन दिवसांत निकामी होऊ लागतात, आणि आपला कुत्रा यांपैकी कोणता हे आधी सांगता येत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतील पशु-विषतज्ज्ञांनी यामागे द्राक्षातील टार्टारिक आम्ल असावे असे मांडले. तेच आम्ल चिंचेतही भरपूर असते आणि कुत्र्यांना चिंचेने झालेल्या मूत्रपिंडाच्या इजेच्या नोंदीही त्यानंतर प्रसिद्ध झाल्या आहेत; म्हणून चिंच-गुळाच्या आमटीत कुस्करलेला भातही त्यांना देऊ नये. बेदाणा वाळवलेला असल्याने तेवढ्याच वजनाच्या द्राक्षांपेक्षा अधिक घातक ठरतो. चुकून खाल्ला गेलाच, तर उलटीची वाट न पाहता ताबडतोब दवाखाना गाठावा आणि घरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्याने वेगळीच विषबाधा होते.

बेकिंग पावडरच्या काही प्रकारांत क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे याच आम्लाचा क्षार असतो. चिमूटभराने खंड्याला इजा झाली असे मी म्हणणार नाही, परंतु कुत्र्याचे बिस्कीट फुगावे असा कोणाचाच आग्रह नसल्याने ती काढून टाकण्यात काहीही गमवावे लागत नाही. पीनट बटर वापरणाऱ्यांनी डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घातला जाणारा गोड पदार्थ) लिहिलेले नाही ना, हे पाहावे. ते कुत्र्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरवते.

आता नाचणीविषयी. आपल्याच मजकुरात एक महत्त्वाचा धागा आहे: सत्त्वाची पेज चालली आणि पिठाची बिस्किटे चालली नाहीत. सत्त्व घरी मिक्सरमध्ये दळले होते, पीठ मात्र गिरणीतून आले. म्हणजे धान्य एकच, दळण वेगळे. कुत्र्यांमधील अन्न-ॲलर्जी बहुधा प्रथिनांची असते. गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, कोंबडी आणि गहू हे तिचे नेहमीचे कारक आहेत, आणि ती चाळवायला किती अंश पुरेसा होतो हे कुत्र्यागणिक बदलते. त्यामुळे "ग्लुटेनमुक्त" हा शब्द येथे फारसा उपयोगी नाही. प्रश्न ग्लुटेनचा नसून खंड्याला न चालणारे प्रथिन पिठात मिसळले आहे काय, हा आहे.

परंतु एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. तुपात दुधाच्या प्रथिनाचा अंश राहू शकतो, आणि दूध आपण तपासलेले दिसत नाही. दमट हवेत जुन्या पिठात माइट नावाचे अतिसूक्ष्म किडे वाढतात, आणि त्वचेची ॲलर्जी असलेल्या काही कुत्र्यांना त्यांचीही खाज येते. या काळात जंताची किंवा पिसवांची चघळण्याची गोळी दिली असेल तर तिचे वेष्टन पाहावे, कारण अशा अनेक गोळ्यांना मांसाचा स्वाद असतो. आणि घरातील प्रत्येक माणसाला स्वतंत्रपणे विचारावे. माझ्या अनुभवात ही शेवटची चौकशी सर्वांत कठीण असते.

क्रम असा ठेवावा: बिस्किटे पूर्ण थांबवून कान दाखवून घ्यावा, कारण आंबूस वास म्हणजे बहुधा यीस्टचा संसर्ग आणि तो केवळ आहाराने जाणार नाही. पंजे शांत झाल्यावर तीच कृती घरी दळलेल्या नाचणीने, तुपाशिवाय करावी आणि दोन आठवडे दुसरे काहीही बदलू नये. रक्ताच्या किंवा लाळेच्या चाचणीवर पैसे घालवू नयेत. अन्न-ॲलर्जीसाठी त्या विश्वासार्ह नाहीत.

प्रमाणाचेही सांगतो. २८ किलोच्या, नसबंदी झालेल्या लॅब्रॅडॉरला दिवसाला साधारण १,२०० ते १,३०० किलोकॅलरी लागतात आणि खाऊ त्याच्या दहाव्या हिश्शापलीकडे नसावा. वर दिलेल्या मापाचे एक बिस्कीट सुमारे १७ किलोकॅलरींचे होईल, म्हणजे सात बिस्किटे ही कमाल मर्यादा झाली, आणि तेवढे जेवण त्या दिवशी कमी करावे.

गिरणीवाला, पंचवटी

डॉक्टरसाहेबांनी गिरणीचे नाव घेतले म्हणून लिहितो. आमच्या वडिलांपासून हाच धंदा आहे. गहू दळून झाल्यावर दगडांच्या टाक्यांत (खाचांत), खालच्या पेटीत आणि पीठ पडते त्या कापडी नळीत गव्हाचे पीठ राहतेच. त्यावर नाचणी टाकली तर पहिले अर्धा-एक किलो पीठ मिश्र निघते, आणि बहुतेक गिऱ्हाईक दोन-तीन किलोच आणते. आपण रांगेत उभ्या राहून "गव्हावर दळू नका" असे सांगितले असेल, तर गिरणीवाल्याने बहुधा ज्वारीवर दळले असेल. पण त्या ज्वारीच्या आधी काय होते, हे कोणी विचारत नाही.

एकादशीच्या आदल्या दिवशी मात्र आम्ही राजगिरा, वरई, शिंगाडा यांच्यासाठी नळी काढून झटकतो, पेटी झाडून घेतो आणि मूठभर वरई वाया घालवून दगड साफ करतो. उपासाचे दळण बाटले तर गिऱ्हाईक ऐकून घेत नाही. तेव्हा गिरणीतूनच दळायचे असेल, तर त्या दिवशी, उपासाच्या दळणापाठोपाठ नाचणी आणावी. तरीही पहिले पाव किलो पीठ घरच्या भाकरीला वापरावे आणि पुढचे कुत्र्याला. सर्वांत बरे म्हणजे घरघंटी, पण तीत गहू दळत असाल तर पुन्हा तेच.

बागाईतदार, दिंडोरी

बेदाण्याबद्दल लिहिल्याबद्दल डॉक्टरांचे आभार. राखणीच्या कुत्र्याला आजपासून बागेच्या कुंपणाबाहेर बांधण्याची सोय केली आहे. चुकीची सूचना दिल्याबद्दल ताईंनी क्षमा करावी.

खंड्याची आई, गंगापूर रोड

सात आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व. कानात यीस्टच निघाले. औषध घातले, बिस्किटे थांबवली, आणि अडीच आठवड्यांत पंजांचा लालसरपणा गेला. मग नाचणी तीन पाण्यांनी धुऊन, गच्चीवर ऊन न मिळाल्याने पंख्याखाली दोन दिवस वाळवून, मिक्सरमध्ये दळून वस्त्रगाळ केली. दोन वाट्या पिठासाठी मिक्सर चार वेळा तापला. उकड काढण्याची युक्ती अगदी बरोबर होती, एकही बिस्कीट मोडले नाही. कोपऱ्यावरच्या गिरणीत चौकशी केली, तेव्हा तेथे दिवसभर गहूच चालतो आणि माझी नाचणी थेट त्यावरच पडली होती, असे समजले.

येथे प्रश्न सुटला असे लिहिण्याच्या बेतात मी होते. परंतु डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घरातील प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारले, तेव्हा तिसऱ्यांदा विचारल्यावर सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, कबूल केले की, सकाळच्या चहाबरोबरच्या खारीचा शेवटचा तुकडा ते खंड्याला देत होते, "नखाएवढाच" आणि "रोज नाही". पथ्याच्या आठ आठवड्यांत ते पुण्याला नणंदेकडे होते. बिस्किटे सुरू झाली त्याच आठवड्यात ते परत आले होते. त्यामुळे दोष गिरणीचा की खारीचा, हे या घटकेला मला सांगता येत नाही. घरच्या दळणाच्या बिस्किटांना, खारीविना, आता अठरा दिवस झाले असून पंजे कोरडे आहेत. तूप पुढच्या महिन्यात वेगळे तपासणार आहे. गिरणीचे पीठ त्याला पुन्हा देऊन पाहण्याचे मात्र मनात नाही.

खारीचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर गेला आहे. खंड्या अजूनही सकाळी सात वाजता नानांच्या खुर्चीपाशी येऊन बसतो, आणि नाना आपल्या खिशातून नाचणीच्या बिस्किटाचा पाव तुकडा काढतात. तो दिवसाच्या सातांत मोजायचा, एवढे आम्ही ठरवले आहे.