प्रबंध सबमिट करायच्या आधी स्वतःच तपासायचाय, सुरुवात कुठून करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी नागपूरची. अर्थशास्त्रात पीएचडी, प्रबंध मराठीत, विषय काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारांचा, म्हणजे आंबिया (हिवाळा सरताना फुलणारा) आणि मृग (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारा) दोन्ही बहारांचा खर्च आणि हाती येणारा पैसा. लिखाण झालं, गाईड मॅडमनी सगळी प्रकरणं पाहिली, आता सबमिशनच्या आधी सगळं एकदा स्वतः तपासून राहिली आहे आणि तिथेच अडली आहे.

मुख्य अडचण अशी की मजकूर आता पाठ झालाय, त्यामुळे कागदावर काय लिहिलंय ते न वाचता मला काय म्हणायचं होतं तेच वाचलं जातं. वर्डच्या लाल रेघेवर मराठीत भरवसा ठेवता येत नाही, आंबियाखालीही रेघ येते. म्हणून प्रिंट काढून मोठ्याने वाचते, त्याचा खरंच फायदा होतो. काल एक वाक्य असं जिभेवर अडलं: "ठिबकमुळे शेतकऱ्यांचे उत्पन्न वाढले." माझा तक्ता एवढंच सांगतो की ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांचं उत्पन्न जास्त आहे, पण ज्याच्याकडे आधीच पैसा होता त्यानेच ठिबक बसवलं असेल तर? तो "मुळे" काढला, "ठिबक असलेल्यांचे उत्पन्न जास्त आढळले" असं केलं. अशी वाक्यं अजून किती असतील याचीच काळजी आहे, शुद्धलेखनाची त्यामानाने कमी.

दुसरं म्हणजे मुलाखतींतली वाक्यं. एक काका म्हणाले होते, "झाडाले ताणच नाई बसला त मृग फुटन कुठून?" (ताण म्हणजे बहार यावा म्हणून झाडाचं पाणी काही दिवस तोडणं.) मैत्रीण म्हणते प्रमाण मराठीत कर, परीक्षक नावं ठेवतील. मला ते पटत नाही, पण नियम काय?

तिसरं, सुरुवातीची प्रकरणं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, युनिकोडमध्ये आणल्यावर जिथे तिथे "शेतकऱ्यांचा"चं "शेतकर्यांचा" झालंय. आणि सिमिलॅरिटीचे, म्हणजे आधी छापलेल्या मजकुराशी जुळण्याचे, जे १० टक्के चालतात ते नेमके कशावर मोजतात?

प्रतिसाद:
ताई, भाषा सगळ्यात शेवटी घ्या, नाहीतर घासूनपुसून ठेवलेला परिच्छेदच उद्या काढून टाकावा लागतो. आधी निष्कर्षाचं प्रकरण घ्या आणि प्रत्येक निष्कर्षासमोर पेन्सिलीने तक्ता क्रमांक लिहा, ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही तो एकतर काढा नाहीतर सौम्य करा, तुमचे "मुळे"वाले सगळे तिथेच सापडतील. मग बाकीच्या प्रकरणांत प्रत्येक परिच्छेदाचं म्हणणं समासात एका ओळीत लिहा. नाही लिहिता आलं तर तिथे दोन मुद्दे गुंतलेत किंवा मुद्दाच नाही. त्यानंतर तक्त्यांच्या बेरजा, मग संदर्भ, आणि ते दोन्हीकडून ताडायचे, मजकुरातलं नाव यादीत आहे का आणि यादीतलं मजकुरात आहे का.

प्रतिसाद:
काकांचं वाक्य जसंच्या तसं ठेवा, तो तुमचा पुरावा आहे. संशोधन पद्धतीच्या प्रकरणात एक ओळ टाका की मुलाखती बोलल्या तशाच दिल्या आहेत, आणि अवघड शब्दांचा अर्थ तळटीपेत. "र्य"ला मात्र सरसकट रिप्लेस ऑल मारू नका बरं का, नाहीतर "कार्य" आणि "सूर्य"ही बिघडतील, फाइंडने एकेक पाहूनच बदला.

सिमिलॅरिटीचं यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत आहे. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० मध्ये सुधारून द्यायला जास्तीत जास्त ६ महिने. संदर्भ देऊन अवतरणात घेतलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजणीतून वगळतात. रिपोर्ट काढताना ते वगळलंय ना, हे लायब्ररीत विचारून घ्या. आणि टक्का उतरवायला नुसते शब्द फिरवू नका, वाक्य दुसऱ्याचं असेल तर सरळ त्याचं नाव द्या.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. आजच निष्कर्षाचं प्रकरण घेऊन बसते, काकांचं वाक्य तसंच राहील. एक विनंती, नागपुरात अर्थशास्त्राच्या बाहेरचं कुणी हे एवढं एक प्रकरण वाचून कुठे अडलं ते सांगू शकेल का? त्याबदल्यात मी त्यांचं एक प्रकरण तितक्याच काळजीने वाचून देईन.