मदत हवी आहे: तळ्याच्या गाळातली ज्वालामुखीची राख

मंडळी, तळ्याच्या गाळाच्या कोअरवर (तळात नळी खुपसून काढलेल्या उभ्या नमुन्यावर) काम करतोय आणि गाडी अडलीये. कोअर मधोमध चिरल्यावर तपकिरी चिखलात जेमतेम ४ मिलिमीटरचा फिकट राखाडी पट्टा दिसला. बोटांत चोळला तर रवाळ. सूक्ष्मदर्शकाखाली काचेचे वाकडेतिकडे, बुडबुड्यांच्या खुणा असलेले तुकडे. म्हणजे राखच.

पट्ट्याच्या लगेच वर डायटमच्या (सिलिकाचं कवच असलेल्या सूक्ष्म शैवालांच्या) जाती एकदम बदलतात. हा परिणाम राखेचा की उद्रेकानंतरच्या थंडीचा? इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीच्या १८१५च्या उद्रेकानंतर १८१६चा उन्हाळा युरोपात गारठलेला गेला तो वरच्या हवेत पोचलेल्या गंधकामुळे. त्यासाठी तिथे राख पडावी लागली नाही. उलट राखेचा थर तळावर बसला की खालच्या गाळातून येणारा फॉस्फरस अडू शकतो, शिवाय काच विरघळून सिलिका मिळते ती वेगळीच. या सगळ्याचा डायटमवर परिणाम होतो. मग वेगळं कसं काढायचं? परागकण मोजून काठावरचा झाडोराही तेव्हाच बदलला का, ते ताडून बघू का?

दुसरं, डोळ्यांना न दिसणारी राख शोधताना डायटम फार आड येतात. अल्कलीने ते जातात खरे, पण काचही खाल्ली जाते आणि पुढचं रासायनिक विश्लेषण भरवशाचं राहत नाही. त्याऐवजी राख घनतेवरून वेगळी करायला सोडियम पॉलिटंगस्टेटचं जड द्रावण वापरणाऱ्यांनी घनतेची खालची मर्यादा किती धरली? (ते महागडं द्रावण परत कसं वापरता, तेही सांगा.)

वय-खोलीच्या आलेखातून (किती खोलीवरचा गाळ किती जुना, ते दाखवणाऱ्या) ते ४ मिलिमीटर वजा केलेत, एका झटक्यात साचले म्हणून. एवढं तरी बरोबर ना?