सकाळ सुधारायची तर आधी काय पक्कं करायचं: उठायची वेळ की झोपायची?

निशिगंध
पाडवा आला की संकल्प ठरलेला: उद्यापासून पाचला उठायचं. चार दिवस जमतं, पाचव्या दिवशी गजर बंद होतो आणि माणूस पुन्हा सातला उठतो. मग इच्छाशक्तीला बोल लावतात, पण चुकलेला असतो साधा हिशोब. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. पाचला उठायचं तर दहाला डोळा लागलेला हवा, म्हणजे पावणेदहाला दिवा बंद. शहरातल्या किती घरांत तोवर ओटा तरी पुसून झालेला असतो?

म्हणून माझं मत ठाम आहे: आधी रात्र आवरा. जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी उरका. दुपारी चारनंतर चहा-कॉफी नको. अंगातलं कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा संध्याकाळी सहाच्या कपातलं निम्मं रात्री अकराला शिल्लक असतं. फोन चार्जिंगला बाहेरच्या खोलीत ठेवा आणि गजराला साधं घड्याळ घ्या. उठायची वेळ एकदम दोन तास अलीकडे ओढू नका. दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं, एवढंच. सातवरून सहावर यायला दोन आठवडे लागू द्या.

पहाटवारा
पूर्ण विरोध. दिवा बंद करणं आपल्या हातात असतं, झोप लागणं नसतं. रोज अकराला झोप येणारा माणूस पावणेदहाला आडवा झाला तर तासभर कूस बदलत राहतो. असं महिनाभर चाललं की अंथरूण दिसलं तरी डोकं टक्क जागं होतं. निद्रानाशावरच्या वर्तनोपचारात म्हणूनच नेमकं उलटं सांगतात: उठायची वेळ पक्की करा, सातही दिवस तीच, आणि पेंग आली की मगच पाठ टेका. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठा आणि मंद दिव्यात खुर्चीवर बसा. आठवडाभरात झोपायची वेळ आपोआप मागून येते.

उठल्यावर पहिलं काम उजेडाचं. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेर काही हजार लक्स उजेड असतो, घरात ट्यूबलाइटखाली जेमतेम तीन-चारशे. गच्चीत किंवा अंगणात पंधरा-वीस मिनिटं उभं राहिलं तरी शरीराचं घड्याळ जुळतं. हे घड्याळ पेशीत कसं चालतं ते फळमाशीवर शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. आणि रविवारी साडेनऊपर्यंत लोळणं सोडा. रविवारी रात्री झोप येत नाही ती त्यामुळेच, आणि सोमवार तिथेच बिघडतो.

अडुळसा
दोघेही घड्याळातल्या आकड्यावर भांडताय. ब्राह्म मुहूर्त सूर्योदयावरून मोजतात: मुहूर्त ४८ मिनिटांचा, आणि हा सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो. मुंबईत जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सव्वासातच्या जवळपास. म्हणजे एकाच शहरात तो मुहूर्त सव्वा तासाने सरकतो. नागपुरात सूर्य मुंबईच्या जवळजवळ पंचवीस मिनिटं आधी वर येतो. मग सगळ्या महाराष्ट्राला बारा महिने ‘पाच’ कशाला? आयुर्वेदाचा ग्रंथकार वाग्भट याने दिनचर्या सांगताना ‘स्वस्थ’ माणसाने उठावं असं म्हटलं आहे, तो शब्द लोक गाळतात. तापातून उठलेल्या किंवा रात्रभर बाळाला घेऊन बसलेल्या माणसाला हा नियम लावूच नये.

फोडणी
सगळं मान्य, पण ज्या घरातून सातला दोन डबे जातात तिथे उठायची वेळ डबा ठरवतो, आणि ती एकाच बाईची ठरते. सूर्योदय, लक्स, सगळं त्यानंतर. तिच्या सकाळबद्दल बोलायचं तर निशिगंध यांची बाजू खरी: काम आदल्या रात्रीकडे ढकला.

कणीक रात्री मळून तेलाचा हात लावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वीस मिनिटं आधी बाहेर काढा. गार कणकेची पोळी कडेला चिरते आणि वातड होते. दुसऱ्या रात्रीपर्यंत ठेवली तर काळपट पडते, तेव्हा एका सकाळीपुरतीच मळा. भेंडी रात्री धुऊन, पुसून, पंख्याखाली पूर्ण कोरडी करून चिरा. ओली चिरली की तार सुटते आणि भाजी गिचका होते. फरसबी, गवार, कोबी चिरून ठेवायला हरकत नाही. वांगं ठेवू नका, काळं पडतं. बटाटा ठेवायचाच तर पाण्यात बुडवून. एवढ्यावर सकाळची अर्ध्या तासाच्या आसपास सुटका होते.

दुसरं, घरातल्या इतरांनी ‘मदत’ करू नये, एक काम अख्खं अंगावर घ्यावं. दूध तापवणं, पाणी भरणं, मुलांची आंघोळ आणि दप्तर. अख्खं म्हणजे आठवण करून द्यायची वेळ दुसऱ्यावर येता कामा नये. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तेव्हा शाळांनी दोन सत्रांची आणि बसची अडचण पुढे केली. मुलांची झोप मात्र त्या वेळापत्रकावरच अवलंबून आहे.

तिसरी_पाळी
‘सातही दिवस एकच वेळ’ हे एमआयडीसीत आठवड्याला पाळी बदलणाऱ्याला सांगू नका. रात्रपाळी करून घरी येताना पहाटवारा म्हणतात तोच उजेड घात करतो: ऊन डोळ्यांवर पडलं की झोप उडते. बसने येणाऱ्यांनी काळा गॉगल लावावा, घरी जाड पडदा, आणि रात्री दोननंतर चहा नको. दुपारी उठलात की तीच तुमची सकाळ. पाणी, उजेड, चालणं तेव्हा करा.

अडुळसा
चहाचा विषय निघालाच आहे तर एक महत्त्वाचं. थायरॉईडची गोळी सकाळी घेणाऱ्यांनी ती रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. लोह किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांनी. गोळी आणि चहा एकाच घोटात घेतल्याने औषध नीट शोषलं जात नाही, आणि मग रिपोर्ट बिघडला की डोस वाढतो.

निशिगंध
पहाटवारा, झोप नसताना आडवं होऊ नये हे पटलं. पावणेदहाचा आग्रह मी सोडते. पण चारनंतरचा चहा आणि उशाचा फोन तसाच ठेवून नुसती उठायची वेळ पक्की केली तर माणूस पाच तासांच्या झोपेवर दिवस काढतो. तुम्ही म्हणता ती पेंग यायला मध्ये वाट मोकळी हवी.

पहाटवारा
तेवढं मान्य. मात्र सगळं एकदम सुरू करू नका. लंडनमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, कुणाला २५४ पर्यंतचा अंदाज. पाणी पिण्यासारखी सवय लवकर बसली, व्यायामाची उशिरा. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. म्हणून पहिले दोन महिने फक्त दोनच गोष्टी: ठरलेल्या वेळी उठणं, आणि दात घासून झाले की थेट गच्चीत. सूर्यनमस्कार तिसऱ्या महिन्यात, तेही तीनपासून.

फोडणी
आणि गच्चीत जाताना गॅसवरचं दूध कोण बघणार, ते आदल्या रात्री ठरवा.