मदत हवी आहे: जुन्या नाट्यगृहातले डिमर आणि जुनं वायरिंग

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या एका जुन्या नाट्यगृहाची वीजव्यवस्था मी बघतो. तिसरी घंटा झाली की प्रेक्षागृहातले दिवे हळूहळू मावळायला हवेत. आमच्याकडे निम्म्यापर्यंत नीट उतरतात, मग थरथरतात आणि फटकन विझतात. साधे बल्ब काढून एलईडी लावल्यापासून हे सुरू झालं. उजेड कमी-जास्त करणारे डिमर जुनेच आहेत, थायरिस्टरचे, म्हणजे विजेच्या प्रत्येक अर्ध्या लहरीचा सुरुवातीचा भाग कापणारे.

डिमर बदलता येतील हो, खरी काळजी वायरिंगची. परवा छतावरचा जंक्शन बॉक्स उघडला, आत कापडी वेष्टणाची रबरी वायर. बोट लागताच आवरणाचा भुगा झाला. त्यात तिन्ही फेजना न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, एकच. अशा लहर कापणाऱ्या डिमरमुळे तिसऱ्या हार्मोनिकची (मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेच्या प्रवाहाची) न्यूट्रलमध्ये बेरीज होते, म्हणून ती वायर तापायची धास्ती वाटते. खाली लोक बसलेले असतात. ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं आवरण शाबूत आहे का ते मोजणाऱ्या यंत्राने) तपासणी करणारच आहे, तीही ओल असताना, पावसाळ्यात.

विचारायचं असं: नवी वायर ओढून दिव्यांना कायम २३० व्होल्ट द्यावेत आणि डीएमएक्सवर (रंगमंचाच्या दिव्यांना डिजिटल हुकूम देणाऱ्या पद्धतीवर) चालणारे ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारी सर्किटं, बसवावेत, की ट्रेलिंग एज (लहरीचा शेवटचा भाग कापणाऱ्या) डिमरने भागेल? प्रयोग चालू ठेवून टप्प्याटप्प्याने हे काम कुणी केलंय का? सुरुवात कुठून केलीत?